चमच्यांचं पाणी

तेम्स्का,
१० नोव्हेंबर १९८४

चि. सौ. ल्युबिंकास,

अ. उ. आ. वि. वि. रागाच्या भरात लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

तुम्ही नवराबायको कारखान्यात, म्हणून डुन्याला माझ्याकडे ठेवलंत. दहा वर्षांची घोडी, पण दिवसभर पाणी ढोसते आणि रात्रभर संडासाच्या वाऱ्या करते. गादीसुद्धा भिजवली. लाडावून ठेवलीत, दुसरं काय!

परवा आमच्या कुलसंताचा सण झाला. पाहुण्यांनी चमचा चमचा शिजवलेले गोड गहू खाल्ले, उष्टे चमचे रिवाजाप्रमाणे पाण्याच्या ग्लासात टाकले, आणि तुझ्या लेकीने पाद्रीबाबांसमोर तो ग्लास चमच्यांसकट तोंडाला लावून घटाघट रिकामा केला! बायका रुमालात तोंड लपवून हसल्या. माझं नाक कापलं गेलं.

तेव्हापासून स्वयंपाकघराला कुलूप आहे, अंगणातल्या पंपाचा दांडाही काढून ठेवलाय. जेवणाबरोबर एक पेला, बस्स. रडते, तर रडू दे. चार दिवसांत वळण लागेल.

माझ्या भावाला, ग्राडिमिरला, आशीर्वाद सांग. लोभ आहेच, पण पोरीला आवरा.

तुझी वन्सं,
स्ताना

---

निश,
१६ नोव्हेंबर १९८४

ती. स्ताना वन्संना,

सा. न. वि. वि. सवयीने लिहिलं, तसंच वाचा.

तुमचं पत्र आलं तेव्हा डुन्या हॉस्पिटलात बेशुद्ध होती. मंगळवारी भेटायला गेलेल्या ह्यांनी तिला तुमच्या घरातून उचललं, तेव्हा तिची जीभ लाकडासारखी झाली होती आणि ती बापाला ओळखत नव्हती. तरी तुम्ही म्हणालात की पोर नाटक करतेय!

आता ऐका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिथून एक हार्मोन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतं. डुन्याचं ते हार्मोनच आटलंय. प्यालेलं सगळं वाहून जातं, म्हणून मेंदू पुन्हा पुन्हा तहान लावतो. त्या तहानेनेच ती जगत होती, वन्सं! आणि तुम्ही पाण्याला कुलूप घातलंत. माझ्या पोरीला पाहुण्यांचं उष्टं पाणी प्यावं लागलं, आणि नाक तुमचं कापलं गेलं?

आता तिच्या नाकात त्याच हार्मोनचे थेंब घालतात. काल ती शुद्धीवर आली. उशाशी भरलेला जग आहे, हवं तेवढं पी म्हणून नर्सने सांगितलंय. पण ती ग्लास हातात धरून दाराकडे बघत राहते आणि मला विचारते, आत्या रागावणार नाही ना?

लोभ असावा असं शेवटी लिहायचा रिवाज आहे. मी लिहीत नाही.

ल्युबिंका