दाब न ठेवलेली पँट

३ सप्टेंबर
चिखलीच्या डॉक्टरांनी दोघांची सोनोग्राफी केली. फॅटी लिव्हर. माझं दुसऱ्या ग्रेडचं, बानोचं पहिल्या. इन्सुलिन दोघांच्याही अंगात नीट काम करत नाही. रोज अर्धा तास भरभर चाला म्हणाले. पाय चालले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, लिव्हरमधली चरबी उतरते. वजन फारसं हललं नाही तरी उतरते. मी सांगितलं, टेलर आहे, दिवसभर पायमशीन मारतो. बानो म्हणाली, मशीनला मोटर बसवून सहा वर्षं झाली. बायकोसोबत एकाच डॉक्टरकडे जाऊ नये.

५ सप्टेंबर
७ डिसेंबरला अदीबाचा निकाह. पोरीने पहिल्या पगारातून माझ्या पँटसाठी करडं कापड आणलं. माझी कंबर बेचाळीस. पँट अडतीसची कापली. शिवणीत दाब ठेवला नाही. उसवून वाढवायला एक सूत जागा नाही. माणसाने परतीची वाट ठेवू नये. बानो बघत होती. उरलेलं कापड तिने घडी घालून ठेवलं. भारावली असावी.

६ सप्टेंबर, सकाळी ६
बानोसोबत पाझर तलावाकडे निघालो. फाट्यावरच्या हॉटेलात शेषराव. काऊन बे जब्बार, सकाळी सकाळी कोणाले सोडाले चालला, म्हणाला. बसून त्याला लिव्हरची माहिती दिली. तोवर बानो तलावापर्यंत जाऊन आली. तिला घेऊन परतलो.

२० सप्टेंबर
शेषरावला रोज माहिती देतो. आज त्याने भजी मागवली. खाय बे, चालून राह्यला ना तू, म्हणाला. मुद्दा बरोबर होता.

४ ऑक्टोबर
बाकावर बसताना जुनी पँट काचते. कंबर अर्धा इंच सोडली.

६ ऑक्टोबर
पँट सैल वाटते. चालणं लागू पडलं.

१ नोव्हेंबर
पुन्हा अर्धा इंच सोडली. पुन्हा सैल. बानोचं वजन मात्र होतं तेवढंच. तिला म्हटलं, खचू नकोस. ती म्हणाली, अदीबाचे अब्बा, ती करडी एकदा घालून बघा. मी म्हटलं, घाई कशाला?

१५ नोव्हेंबर
टेप त्रेचाळीस दाखवतो. जुना आहे, आखडला असावा. चिखलीहून नवा आणला. तोही आखडलेला निघाला.

१६ नोव्हेंबर
मशीनची मोटर काढायचं नक्की. लग्नसराईचे कपडे देऊन झाले की.

२ डिसेंबर
बानोचं लिव्हर साफ. वजन तेवढंच. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? ती म्हणाली, काही नाही, चालले. माझं अजून दुसऱ्या ग्रेडवरच. साखरेची गोळी सुरू. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, मी सोबत निघायचो.

७ डिसेंबर, सकाळी ९
घालायला जुनी तपकिरी पँट काढून ठेवली होती. अदीबा दारात आली. अब्बा, माझीवाली घाला ना, म्हणाली. नाही म्हणता आलं नाही. आत जाऊन दार लावलं. श्वास ओढून करडी चढवली. श्वास ओढायची गरज नव्हती. मागच्या शिवणीत त्याच कापडाचा जोड.

बानोला विचारलं. कापड घेतानाच पोरीला अर्धा मीटर जास्त घ्यायला सांगितलं होतं, म्हणाली.

टाके सरळ आहेत. जोड मोजला. पाच इंच.

टेपमध्ये दोष नाही.