टाकीचं बारसं

२ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! बेळगुंदीच्या वरच्या माळावर आमचं केंद्र: एक घुमट, त्यात दुर्बीण, दोन खोल्या आणि स्वयंपाकाला जयाबाई. आभाळात फिरणाऱ्या रॉकेटच्या कचऱ्यावर नजर ठेवायची, कुठला तुकडा कुठून जाणार ते काढायचं. पगार बरा, वारा फुकट. आण्णाचा फोन आलता: वैनी काल निपाणीला माहेरी बाळंत झाली, मुलगा! मी आत्या! बाराव्या दिवशी बारसं, नाव मीच ठेवणार. ठरवलंय, पण सांगणार न्हाय.

४ फेब्रुवारी
माझ्या वाट्याला एका जुन्या रॉकेटची टाकी आलीय, बैलगाडीएवढी. ज्याचा तुकडा त्यानं नाव ठेवायचं, अशी इथली पद्धत. मला आयतीच तालीम! पडद्यापुढं वाकून कुर्रर्र केलं आणि बाळासाठी राखलेलं नाव टाकीला ठेवलं, सौरव. केंद्राचे प्रमुख रविराजसर लई हसले. जयाबाईंचं तोंड उतरलं. म्हणाल्या, एका नावाची दोन बाळं करू नये गं, पहिलं दुसऱ्याला न्यायला येतं. काय तरीच!

७ फेब्रुवारी
पोटात राहिलं न्हाय, परवा वैनीला नाव सांगून बसले. घरातली सगळी आत्तापासूनच बाळाला सौरव म्हणतात.
पृथ्वी फिरते, म्हणून टाकीची वाट दर फेरीला पश्चिमेला सरकायला हवी. कालपासून सरकत न्हाय. प्रत्येक फेरी निपाणीवरून, आणि प्रत्येक वेळी थोडी खालून. सर म्हणतात, तुझंच मोजमाप चुकलंय. पुन्हा पुन्हा मोजलं. तेच.

८ फेब्रुवारी
बाळाला कावीळ. बेळगावच्या दवाखान्यात आणलंय. टाकीची वाटही बेळगाववर आली.
मी भ्यालेय. आण्णाला म्हटलं, नाव बदल. तो चिडला. म्हणाला, तूच ठेवलंस, आता पोर त्याच हाकेनं गप होतंय.

१० फेब्रुवारी
टाकीचं नाव पुसलं. वाट तशीच. जयाबाई म्हणाल्या, नुसतं पुसून भागत न्हाय, दुसरं द्यावं लागतं, तेही जित्या माणसाचं.
दुसऱ्या कुणाचं कसं देऊ? पडद्यापुढं वाकले. कुर्रर्र. माझंच दिलं, त्रिशला.
पुढच्या फेरीला वाट थेट आमच्या घुमटावर.

११ फेब्रुवारी
बाळ सुटलं. मी न्हाय. खाली गावात गेले, तर वाट गावावर. बेळगावच्या खडेबाजारात गेले असते तर — एवढी माणसं तिथं. परत वर आले. सर बेळगावला गेलेत, जयाबाईंना घरी धाडलं. उद्या संध्याकाळी टाकी पडणार. इथनं हलायचं न्हाय.

१२ फेब्रुवारी
आण्णाचा फोन. बाळ बरं झालं, घरी सोडलं. बारशाला येणार न्हाय म्हटलं, तर हसला. म्हणे आत्याशिवाय कसलं बारसं, आमीच बाळाला घेऊन वर येतो. नको रं आण्णा, नको — फोन बंद पडला. आता लागत न्हाय.

संध्याकाळ
खालच्या वळणावर आण्णाची गाडी. मी हात हलवते, मागं फिरा म्हणून. तीही हात हलवतात —
वर उजेड. दिवस मावळलाय तरी —
पळायला हवं, मागच्या उतारानं, त्यांच्यापासनं लांब — गाडी थांबली — वैनी बाळाला उंच धरून मला दाख —