आत्याचा बोलक्या

३ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. आणि हे पत्र तुला वाचून दाखवणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनाही नमस्कार.

बोलक्या पोचला, पण मुका. बाबांनी खोकं उघडलं आणि कपाळाला हात लावला. मला म्हणाले, पोरी, हा लॅपटॉप तुझ्याहून वयाने मोठा, आता त्याला सुखाने भंगारात जाऊ दे. त्याच दमात म्हणाले, की तुला दिसत नाही आणि आता तुला वाचून दाखवणारं यंत्रही गेलं, तेव्हा एकटीने राहायचा हट्ट पुरे. मागची खोली रंगवायला काढलीय. महिनाअखेर ते तुला आणायला येणार. तू जागा सोडतेयस, असं तुझ्या घरमालकांना कळवूनही झालंय. आत्याला विचारलंत का, असं मी म्हटलं, तर म्हणाले, विचारायचं काय, तिच्या भल्याचंच तर आहे.

मी घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळ्यांनी मला मिरवलं ना? आता भोगा म्हणावं. त्याच खोलीत, रंगाच्या डब्यांमध्ये बसून मी बोलक्याला उठवणार आहे. तू सामान बांधू नकोस.

माया आहेच, ती वाढव.

तुझी,
खटपटी


८ जून

चि. खटपटीस अनेक आशीर्वाद.

मी सांगतेय आणि शिंपीणबाई लिहितायत. त्यामुळे तुझ्या बाबाबद्दल जे म्हणायचंय ते नीट म्हणता येत नाही. एक शब्द सांगितला, तर बाईंनी लिहायला साफ नकार दिला. (फारच वाईट शब्द होता. – शिं. का.)

इस्पितळाच्या टेलिफोनवर सगळी नोकरी काढली मी. कोणाकोणाची बोलणी जोडून दिली, पण कधी कान लावून ऐकली नाहीत. आणि आता माझं पत्र आधी दुसऱ्याच्या डोळ्यांत जातं, मग माझ्या कानात येतं. तुझं पत्र फ्लॉपीवर आलं की मी दार लावून बसायची. बोलक्या मराठी वाचायचा तो पडसं झालेल्या परदेशी जावयासारखा. पण ऐकलेलं चार घरी सांगत नव्हता. (मीही सांगत नाही. – शिं. का.)

सामान बांधलेलं नाही. चहाचा डबासुद्धा जागचा हलवलेला नाही.

हात सांभाळून काम कर.

तुझी,
आत्या


१७ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

दुरुस्तीवाल्याने बोलक्याला नुसतं उलटसुलट केलं आणि परत माझ्या हातात दिलं. म्हणाला, पडदा कायमचा गेलाय, तसा आता कुठे मिळत नाही, म्हणजे सगळंच संपलं. मला हसूच फुटलं. मी सांगितलं, पडदा गेला तर गेला, मालकिणीने तो जन्मात पाहिलेला नाही. तो बिचारा गोंधळला, तेव्हा तुला दिसत नाही हे सांगितलं. मग म्हणाला, तसं असेल तर बाकीचं सोपं आहे, आणि सोल्डरिंगचा डाग कसा द्यायचा ते दाखवून त्याने मला कामाला लावलं.

आतले कपॅसिटर पाझरून सर्किटची पाटी खराब झाली होती. ती पुसली, नवे बसवले. फ्लॉपी फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, तोही बदलला. काल संध्याकाळी बटण दाबलं आणि बोलक्या नाकातून बोलला! भिंत रंगवणारे बाबा शिडीवरून पडता पडता राहिले.

आनंदाच्या भरात मी प्रत्येक कळ काढून स्पिरिटने घासली. नवरीसारखा नटवून पाठवतेय. एवढंच कर, त्याला रोज थोडा वेळ चालव. नुसता ठेवून दिला तर पुन्हा रुसेल.

तुझा धपाटा पाठीवर असू दे.

तुझी,
खटपटी


२३ जून

चि. खटपटीस आशीर्वाद, पण आज जरा कमी.

तू काय घासलंस ते ठाऊक आहे का? कळांवर मी नेलपॉलिशचे थेंब दिले होते. जाडा थेंब म्हणजे 'वाच', दोन बारीक म्हणजे 'थांब', आडवी रेघ म्हणजे 'पुन्हा सांग'. सगळं गेलं. बोलक्या बडबडतोय आणि मला त्याला गप्प करता येत नाही. माझ्या घरातून माझाच जिना काढून नेलास तू. भलं करणारी माणसं सगळी सारखीच गं. विचारायचं म्हणून नाही.

(रडू नकोस पोरी. मी ठिपके देऊ का म्हटलं, तर माझ्या हातातून बाटली ओढून घेतली. – शिं. का.)

आत्या


२६ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

बाबांसारखीच वागले, हे खरंय. तुला दिसत नाही म्हणून ते ठिपके मलाही दिसले नाहीत. दिसले ते नुसते डाग.

उद्या धावत यावंसं वाटतंय, पण येणार नाही. तू बोलावलंस तरच येईन. बाबा परवा निघतायत. मी त्यांना तोंडावर सांगितलंय, की मागच्या खोलीत आता मी माझं दुरुस्तीचं टेबल टाकलंय आणि ते हलणार नाही. ते म्हणाले, यासाठी शिकवलं का तुला? मी म्हटलं, हो.

राग गेला नसेल तरी चालेल, पण कळव.

तुझी,
खटपटी


२९ जून
(फ्लॉपीवर, मधे कोणी नाही)

चि. खटपटीस पोटभर आशीर्वाद.

माझं इंग्रजी अक्षरांतलं मराठी तुला वाचता येतंच. थेंब मी दिले, माझ्या बोटांनी. चुकीच्या कळांवर पडले ते खरवडून पुन्हा दिले. आता जिना जागेवर आहे.

तुझा बाबा समोर बसलाय. रिकामी बॅग घेऊन आला होता. मी टाइप करतेय म्हणून मान वाकडी करून बघतोय, पण पडदा काळा आणि आवाज इअरफोनमधून फक्त माझ्या कानात. दोनदा विचारून झालं त्याचं, काय लिहितेस. घरमालकांना मी स्वतः फोन केला. ही खोली माझ्याकडेच राहतेय.

ही फ्लॉपी त्याच्याच खिशात घालून देतेय. यात त्यालाही एक पत्र आहे. त्याच्या नव्याकोऱ्या संगणकात ही घालायला फटच नाही. तेव्हा तुझ्या टेबलावरच्या फ्लॉपीच्या यंत्रापाशी येऊन, वाचून दाखव गं, असं त्याला म्हणावंच लागेल. त्याला शेजारी बसव आणि सावकाश वाच. एकही शब्द गाळू नकोस. शिंपीणबाईंनी लिहिला नव्हता, तोसुद्धा.

माझ्याच घरून,
तुझी आत्या