पलंगाखालची दांडी

नेगॉनी, ४ सप्टेंबर

प्रिय एलिन,

तुझं पत्र पोचलं. "बाबा, आता ट्रेलर आमच्याकडे देऊन टाका, गॅरेट सगळं लावेल, तुम्ही आणि आई नुसते पाहुण्यासारखे या." पाहुण्यासारखे! एकेचाळीस वर्षं जो घडीचा ट्रेलर मी दर ऑगस्टला सुपीरियर सरोवराच्या काठी नेऊन उभा केला, त्यात मी पाहुणा! वा गं वा. तुला उत्तर देतो, पण शेवटी. आधी ज्या माणसाच्या हाती तू तो सोपवायला निघालीस, त्याच्याबद्दल बापाचे चार शब्द ऐकून घे. अक्षर मोठं दिसेल. काळ्या मार्करने लिहितोय, कारण घरात दुसरं धड पेन सापडेना. आणि यंदा ट्रेलर माझा दोस्त वॉल्टरने ओढून नेला, त्यावरून तू जे टोमणे मारलेस तेही पुरेत. माझ्या ट्रकचे ब्रेक कुरकुरत होते, एवढंच.

प्रश्न ट्रेलरचा नाहीच, तुझ्या आईच्या झोपेचा आहे, हे तुलाही माहीत आहे. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून एल्सीला तंबूत जमिनीवर झोपता येत नाही, आणि मोटेलच्या मऊ गादीत ती अशी रुतते की सकाळी बाहेर काढायला दोन माणसं लागतात. तिला गाढ झोप लागते ती एकाच जागी, आपल्या ट्रेलरच्या बाहेर ओढायच्या, पाण्याकडच्या पलंगावर, कॅनव्हासची खिडकी अर्धी उघडी ठेवून. ट्रेलर गेला की तिचा ऑगस्ट गेला. म्हणून ट्रेलरचा कागद कोणाच्या नावावर आहे याला मी काडीची किंमत देत नाही. तो पलंग कोण लावणार आणि तो हलेल की नाही, एवढंच मला कळतं.

आता तुझा नवरा. सामुद्रधुनीवरच्या पुलाच्या खाली, म्हणजे पलीकडे जन्मलेला माणूस. तिथे दक्षिणेला लोक असेच निपजतात, त्याला तो तरी काय करणार. धंदा काय, तर ऑफिसच्या खुर्च्या तपासायचा! माणसाने बसावं कसं हे सांगायला याला पगार मिळतो. मी चौतीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपात उभ्याने काम केलं, मला कोणी बसायला शिकवलं नाही, तरी माझं बूड शाबूत आहे. लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा पॅस्टीवर, आपल्या खाणवाल्यांच्या मांस-बटाट्याच्या करंजीवर, चक्क ग्रेव्ही ओतली. माझ्या टेबलावर, केचपची बाटली समोर असताना. सौनाच्या वाफेत चार मिनिटं टिकला आणि उकडलेल्या बीटासारखा बाहेर पळाला. मी त्याच दिवशी एल्सीला म्हटलं, "पोरीने काय पाहिलं गं याच्यात?" ती म्हणाली, "तुझ्यात मी काय पाहिलं ते अजून शोधतेय. तिला जरा वेळ दे."

त्याच वर्षी यानं काय दिवे लावले ते आठवतं ना? मी सरपण आणायला गेलो, तेवढ्यात हे साहेब मला मदत म्हणून ट्रेलर लावायला घेतात. चाकाखाली फळी घालून ट्रेलर आधी सरळ करायचा, चाकांना ठोकळे लावायचे, ट्रक सोडवायचा, पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी धरायची आणि मग, सगळ्यात शेवटी, चार कोपऱ्यांचे पाय जमिनीला टेकेपर्यंत खाली घ्यायचे. ते पाय ओझं उचलायला नसतात, हलणं थांबवायला असतात. शेंबड्या पोरालाही कळतं हे. या दीडशहाण्यानं ड्रिल मशीन लावून त्या चार पायांवर अख्खा ट्रेलर उचलला! मी येऊन बघतो तर मागचा पाय पार वाकडा, ट्रेलर एका बाजूला कललेला, आणि हा घाम पुसत म्हणतो, "बाबा, मजबूत झालं बघा." मजबूत! तो पाय मी ठोकून सरळ केला, पण अजून पूर्ण बसत नाही. तो खाली घेताना दरवर्षी मला तुझ्या लग्नाची आठवण होते.

पुढच्या वर्षी आरामाचा नंबर लागला. "आईंची गादी फार पातळ आहे, पाठीला आधार नाही," असं म्हणत पाच इंचांचा फोम घेऊन आला. कुठल्याशा खास रबराचा, अंगाचा ठसा लक्षात ठेवणारा म्हणे. निघायच्या दिवशी पलंग आत ढकलले, छत खाली घेतलं, तर छत बंदच होईना! एवढी जाड गादी मिटणार कशी? याने वर बसून दाबलं, तू बसलीस, शेवटी वॉल्टर नीमी शेजारच्या जागेवरून आला आणि तोही बसला. तिघं छतावर आणि मी खाली कड्या लावतोय. सगळं कॅम्पग्राउंड फिदीफिदी हसत होतं. कॅनव्हास मध्ये चेपून हातभर फाटला तो वेगळाच. एल्सीने मात्र तो फोम टाकू दिला नाही. ट्रकच्या मागे बांधून नेते आणते. ठसा का काय तो तिच्या खुब्याला मानवतो म्हणे. असेल.

आणि तीन वर्षांपूर्वीचं ते बोलणारं यंत्र! माझी पाणसळ बघून याला हसू आलं असावं. माझ्या वडिलांची पाणसळ, पितळी टोकांची, तिचा बुडबुडा आजवर खोटं बोलला नाही. हा ट्रेलरच्या आत एक डबी चिकटवतो आणि याचा फोन बायकी आवाजात बोलायला लागतो, "डावीकडे अर्धा इंच उचला." मी म्हटलं, "हिला कॉफीही करायला सांग." वॉल्टर हसून हसून लोळला. गॅरेटही हसला आणि त्याने ती डबी काढून खिशात ठेवली. वाद घालत नाही, उलटून बोलत नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? ज्याला ताठ कणा नाही त्याने खुर्च्याच तपासाव्यात, असं मी तेव्हा म्हणालो होतो. तुला ते लागलं होतं, मला माहीत आहे.

आता यंदाचं सांगतो. ट्रेलर लावला त्या दिवशी तू पोहायला गेली होतीस, त्यामुळे तुला निम्मं माहीत आहे, आणि तेही चुकीचं. ट्रेलर मी एकट्याने लावला. गॅरेट मागेमागे घुटमळत होता, "बाबा, मी एकदा बघू का?" मी म्हटलं, "तू तुझ्या खुर्च्या बघ." पॅस्टी खाऊन एल्सी पाण्याकडच्या पलंगावर आडवी झाली. मी आणि वॉल्टर बाकावर कॉफी घेत बसलो. तेवढ्यात गॅरेट पाण्याची कळशी घेऊन तिकडून निघाला, पलंगापाशी थबकला, कळशी खाली ठेवली आणि बाहेर आलेल्या त्या पलंगाखाली खांदा टेकून उभा राहिला. उभा म्हणजे उभाच. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी ओरडलो, "काय रे, तुझ्याशिवाय ट्रेलर पडतोय का?" वॉल्टर खो खो हसला. गॅरेट हळू आवाजात म्हणाला, "पाठ धरलीय बाबा, जरा टेकतो." मग काय, मला कुरणच मिळालं. खुर्च्यांच्या डॉक्टरला स्वतःची पाठ सांभाळता येत नाही, सासूच्या झोपेला टेकून विश्रांती घेतोय, असं काय काय बोललो. पायाला चावऱ्या माश्या लागल्या होत्या, तरी हा त्या हाकलायलाही वाकत नव्हता. आळशीपणाची कमाल वाटली मला.

मग तू आलीस. ओल्या केसांनी, वैतागलेली. "भांडी तशीच पडलीत आणि तू भिंतीला पाल चिकटावी तसा काय उभा आहेस?" असं तू त्याला सगळ्यांसमोर म्हणालीस, आणि तो तुलाही "येतो गं" एवढंच म्हणाला. संध्याकाळपर्यंत तू त्याच्याशी बोलली नाहीस. बरोबर आहे, आपल्या घराण्याचं नाक आहे तुझ्याकडे. तू भांडी घेऊन नळावर गेलीस. त्यानंतर थोड्या वेळाने एल्सी उठली, पायरीवरून सावकाश खाली उतरली आणि म्हणाली, "रेनो, काय छान झोप लागली रे आज! पलंग जरासुद्धा हलला नाही." मी छाती फुगवून वॉल्टरकडे पाहिलं. आणि त्याच वेळी तिच्या मागून, पलंगाखालून, आवाज आला. खट्ट.

एलिन, तू पाच वर्षांची असताना मी तुला हा आवाज शिकवला होता. बाहेर ओढलेला पलंग हवेत लोंबतो, त्याच्याखाली दोन तिरक्या दांड्या असतात. दांडीचं खालचं टोक चौकटीवरच्या लोखंडी वाटीत गेलं की खट्ट वाजतं. खट्ट नाही तर कोणी वर चढायचं नाही, हा माझा नियम. मी लावलेली दांडी जेवणानंतर खट्ट कशाला करेल? वॉल्टरला काहीच कळलं नाही. माझी कॉफी मात्र हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे किनाऱ्यावर गेलात तेव्हा मी पलंगाखाली गेलो आणि बोटांनी चाचपलं. वाटीच्या काठावर ताजा ओरखडा होता, दांडी घसरत आल्याचा. माझं टोक वाटीत बसलंच नव्हतं, नुसतं काठावर टेकलं होतं. आणखी दोन बोटं सरकलं असतं तर तुझी आई नव्या खुब्यानिशी चार फूट खाली. झोपेतून दचकवून तिला हलवायची सोय नव्हती. पण एक हाक मारली असती तर वॉल्टर होता, मी होतो, दोन मिनिटांत भागलं असतं. त्याने ती मारली नाही, कारण मग सगळ्या कॅम्पग्राउंडला कळलं असतं की रेनो कांगासने स्वतःच्या बायकोचा पलंग वाटीबाहेर ठेवला. म्हणून तो गाढव तासभर पलंग खांद्यावर घेऊन उभा राहिला, माझ्या शिव्या खाल्ल्या, तुझ्याही खाल्ल्या, आणि एल्सी उतरल्यावर गुपचूप दांडी वाटीत बसवली. रात्री त्याचा खांदा काळानिळा दिसला तेव्हा तू विचारलंस आणि तो म्हणाला, दारावर आपटला. दारावर नाही, एलिन. तुझ्या आईच्या आणि माझ्या अब्रूच्या ओझ्याने.

आता हे पत्र का लिहितोय ते. घरात तीन पेनं आहेत. मार्करचं कारण वेगळं. एप्रिलमध्ये मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. मी जिथे बघतो नेमकं तेवढंच मला दिसेनासं होतंय, कडेचं दिसतं, मधलं जातं, आणि ते परत येणार नाही, असं ती डॉक्टर म्हणाली. ट्रकचे ब्रेक ठीक आहेत, मलाच आता रस्ता धड दिसत नाही. पाणसळीचा बुडबुडा मला यंदा दिसलाच नाही, तो मध्ये असणार असं मी धरून चाललो. मी कोणाला सांगितलं नाही, एल्सीलाही नाही, आणि या खोटेपणापुढे गॅरेटची ग्रेव्ही काहीच नाही. आईला मी उद्या सांगतो. ट्रेलर तुला देत नाही. सोबतचा मालकीचा कागद मी सही करून गॅरेटच्या नावाने केलाय, त्याच्याच हातात दे आणि हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव, कारण मला तोंडाने हे जमणार नाही. पुढच्या ऑगस्टला ती बोलणारी डबी त्याने आणावी. दांड्या त्याने बसवाव्यात. मी शेजारी उभा राहून ऐकेन. माझे कान शाबूत आहेत, आणि दोनदा खट्ट ऐकल्याशिवाय मी एल्सीला वर चढू देणार नाही, मग दांड्या बसवणारा माझा जावई का असेना.

तुझाच हेकट बाप,
रेनो