बारवेतला हंसराज

ज्येष्ठ शुद्ध १२, फसली १३२२

"हात काढ!" — सासूबाई अशा ओरडल्या की तिफणीचे बैल आपणहून दोन पावलं पुढे गेले. तिफणीच्या चाड्यात मुहूर्ताची मूठ घरच्या थोरल्या सुनेनं सोडायची, म्हणून मी बाजरी घेऊन उभी. विसरलेच होते. "थोरले, वांझंचा हात बियाला लागला तर शिवारात काय उगवंल? धोंडे?"

मग मनकर्णाला पुढे केलं. माझी सवत. एकोणीस वर्षांची, नेकनूरची, घरात येऊन महिना झाला. तिनं घाबरून अर्धी बाजरी पायावर सांडली. तिला हसून "असू दे गं" म्हणाल्या. मी सांडली असती तर!

स्वारी छत्री धरून जवळच उभी होती. काही ऐकू गेलं नाही. आईचं, त्यातून माझ्याविषयीचं, बोलणं त्यांना वीस वर्षांत कधीच ऐकू गेलेलं नाही. एरवी कान तिखट आहेत.

ज्येष्ठ शुद्ध १५

वडाला फेऱ्या मारल्या. सात जन्म हाच नवरा मागून आले. सासूबाईंना वाटलं भक्ती. माझ्या मनात सूड होता.

ज्येष्ठ वद्य ४

त्रिंबक जोशी आले, दोन वेळा जेवले, आणि घरात पाळणा का हलत नाही ते शोधून काढलं. बारवेत! भिंतीला हंसराज माजला आहे ना, ते काळ्या देठाचं नेचं — "ना फूल, ना फळ. वांझ झाड. त्याच्या अंगावरनं आलेलं पाणी तुमी पिता, मग दुसरं काय होनार?"

वांझ म्हणे! बारवेचे तिन्ही काठ त्यानं भरले आहेत, तेही कुणी न लावता. जोशीबुवांना सहा लेकी आहेत, त्यांनाही इतकी जागा व्यापता आलेली नाही.

सासूबाईंनी म्हाळू गड्याला खुरपं देऊन बारवेत उतरवला. "मुळासकट खरवड बे!" दिवसभर खरवडत होता. भारेच्या भारे परसात येऊन पडले.

ज्येष्ठ वद्य ५

दादाचं भिंग काढलं. दादा औरंगाबादच्या सरकारी मदरशात सृष्टिशास्त्र शिकवतो. गेल्या दिवाळीला त्यानं मला हे सारं दाखवलं होतं. मनकर्णा मागून डोकावली.

"आक्का, ह्याला फूल कावून येत न्हाई?"

पान उलटं करून दाखवलं. कडा मागं दुमडलेल्या, त्यांच्याखाली तपकिरी भुकटी. ही भुकटी ओल्या दगडावर पडली की आधी हिरवी टिकली उगवते, मसुरीएवढी, पिंपळपानाच्या घाटाची. आईसारखी जराही दिसत नाही. नर-मादी काय ते त्या टिकलीच्या पोटाशी. तिथं नर पाण्यातून पोहत मादीकडे जातो, आणि मग पुन्हा हंसराज. लेक परकी, नात आजीवर!

"म्हंजी लगीन पान्यात लागतंय? आन् खडक कोरडा असला तर?"

"तर दुसरी बायको करतात."

पोरगी आधी हसली. मग तिला अर्थ लागला. मग इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला.

ती गेल्यावर मी भारे सुपावर झोडपले. मूठभर भुकटी निघाली. सासूबाईंच्या न्हाणीची भिंत, तुळशीवृंदावनाची ओली बाजू, देवघरामागची पन्हळ — सगळीकडे फुंकून आले. बियाला हात लावायचा नाही ना? नाही लावला.

श्रावण वद्य २

न्हाणीत हिरव्या टिकल्या! सासूबाई त्यांना शेवाळ समजतात. त्यांच्याच पायाशी लग्नं लागताहेत आणि त्या पाठ चोळून घेताहेत.

भाद्रपद वद्य ११

घरात बोंब. न्हाणीत पिल्लं फुटली. काळ्या केसासारखे देठ, नखाएवढी पानं. वृंदावनात, पन्हळीत, सगळीकडे. शिवाय म्हाळूनं खरवडताना उडवलेली भुकटी निराळीच; बारव पहिल्यापेक्षा हिरवी झाली आहे.

सासूबाई न्हाणीत पाऊल टाकेनात. वीस वर्षांत इतकं सुख मला या घरानं दिलेलं नाही.

मग जोशीबुवांनी पोथी न उघडताच विचारलं, "औंदा घरात नवं मानूस कोन आलं?"

पायगुण! माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मी जुनी, माझा पायगुण कधीच झिजून गेला.

आश्विन शुद्ध ३

घट बसले आहेत, तोवर वांझ झाड आणणारा पाय घरात नको, म्हणून मनकर्णाला नेकनूरला धाडायला आजच दमणी जुंपली. मनकर्णा रडली नाही. पाया पडायला वाकली तेव्हा हळूच म्हणाली, "आक्का, न्हानीतलं ते तुमीच टाकलं न्हवं? मी वळखलं. म्या कुनाला सांगितलं न्हाई. तुमी तरी सांगा की."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. एक शब्द पुरला असता.

मी म्हटलं, "बैल खोळंबलेत. बस."

स्वारीला ऐकू गेलं नाही.

कार्तिक शुद्ध ८

स्वारीसाठी माजलगावकडची मुलगी पाहताहेत. पाहा! कोरड्या खडकावर साऱ्या मुलखाची भुकटी आणून शिंपडा.

मार्गशीर्ष शुद्ध ६

नेकनूरहून मनकर्णाचा भाऊ आला. ओसरीवर टेकलाही नाही. उभ्याउभ्या म्हणाला, "बहिनीला तिसरा सरत आलाय. तुमचं हाय. न्यायचं तर मानानं न्या, न्हाई तर पंचायत बसवतो."

मला वाटलं, सासूबाई आता त्याच्या अंगावर धावून जाणार. त्यांनी स्वारीकडे पाहिलं. स्वारीला या खेपेला चक्क ऐकू गेलं! मान खाली घालून म्हणाली, "आपलंच हाय."

घटाच्या आदल्या दिवशी तिनं बाहेर बसायचं होतं. बसली नव्हती. घटाच्या धांदलीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी तर भिंग घेऊन न्हाणीत होते.

जोशीबुवांना बोलावणं गेलं. हंसराज आता संततीचं झाड आहे. त्याच्या पानाला कुणी नख लावायचं नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ९

दमणी आली. मनकर्णाला माझी खोली दिली. मी न्हाणीच्या बाजूला.

वीस वर्षं खडकाला कोरडा म्हणत आले. खडक ओला होता.