आधी हात वर

मी, डॅरल फॉन्टेनो, मूळचा लुइझियानातल्या युनिस गावचा, सध्या मुक्काम विलिस्टन, नॉर्थ डकोटा, डोकं ठिकाणावर असताना, थेंबभरही न पिता आणि कोणी न दटावता हे लिहून ठेवतो. म्हणजे ममाने दटावलंय, पण फोनवर. "त्या तेलविहिरीच्या रिगवर परत चढणार असशील तर आधी मृत्युपत्राचा कागद कर," म्हणाली. ममा, हा घे कागद! उद्यापासून मी ड्रिलर. पाइप हलवायचा-थांबवायचा ब्रेक माझ्या हातात! आनंदाने अक्षर नाचतंय, वकिलाने समजून घ्यावं.

माझं चाकांवरचं घर बहीण रेनेला. छत गळतं, ते तिच्या नवऱ्याने बघावं. नुसतं बघत बसू नये.

बाबांचा अकॉर्डियन ममाकडे. मला तो अजून वाजवता येतो. शेजाऱ्यांचं ऐकू नये.

माझा डावा हातमोजा, दोन बोटं चपटी झालेला, बॉइड ट्रेहनला. तेव्हा तो आमचा ड्रिलर होता, आता दुसऱ्या रिगवर आहे. पाइप आवळायच्या मोठ्या पान्यावर माझा हात होता. मागून कोणीतरी "झालं!" म्हणून ओरडलं आणि बॉइडने न बघताच यंत्राने पाना खेचला. पाइप आणि पाना यांच्यामध्ये माझी दोन बोटं गेली. दवाखान्यात येऊन म्हणतो, "रडतोस काय मर्दा, आठ शिल्लक आहेत की!" मोजा त्याने आपल्या ब्रेकसमोर टांगावा. नाही टांगला तर माझ्या मर्तिकाचं जेवण त्याला वाढू नये.

माझ्या ब्रेकवर आरोळी चालणार नाही. सगळ्यांचे हात वर दिसले, तरच पाइप हलेल.

पिकअप ट्रक ममाला. पण मी ब्रेकवर असताना कोणाचा हात चिरडला, तर ट्रक त्याचा. लगेच. या कलमाने माझ्या मरणाची वाट बघायची नाही.

हे वाचून साक्षीला बोलावलेला लिरॉय म्हणाला, "मग उद्याच करंगळी घालतो, भावा. टायर नवे आहेत ना?"

"गप सही कर."

उद्या माझ्यासमोर पाइपपाशी हाच उभा असणार. म्हणून त्याला आणि खानावळीच्या ओपलबाईंना म्हटलं, आधी हात वर. लिरॉय हसला. मग हसायचा थांबला. दोघांनी हात वर केले. सगळी बोटं दिसली, तेव्हाच पेन पुढे केलं.

साक्षीदार: लिरॉय पिकेट
साक्षीदार: ओपल हॅगन (डाग पिठाचा आहे)

विलिस्टन, ३ मार्च २०१४
सही: डॅरल फॉन्टेनो, ड्रिलर