संत्र्याच्या झाडांना झोपू देण्याबाबत

प्रति,
मा. पाहणी अधिकारी,
आदर्श फळबाग कक्ष,
आष्टी, जि. वर्धा.

विषय : माझ्या बागेतील उरलेली झाडे न उठवण्याबाबत.

संदर्भ : आपले 'दौऱ्यापर्यंत बाग हिरवीगार ठेवावी' हे पत्र.

महोदय,

माझ्या संत्रा बागेची आपण आदर्श बाग म्हणून निवड केली, त्याबद्दल आभारी आहे. निवड पावसाळ्यात झाली. संत्र्याची चांगली बाग हिवाळ्यात वाईट दिसते, ही बाब तेव्हा निदर्शनास आणून द्यायची राहून गेली.

थंडी पडली की झाडाची वाढ थांबते. मग आम्ही पाणी तोडतो. पाने मलूल होतात, काही गळतातही. यास ताण म्हणतात. ही झोप पुरी झाल्यावर पाणी सोडले, की डोळे फुटून आंबिया बहाराची फुले येतात. यंदा डिसेंबरातही रात्री पंखा लावावा लागला. झाडे नुसती कूस बदलत होती. गेल्या तीन आठवड्यांत कुठे गारवा आला आणि पाने लवू लागली.

नेमके तेव्हाच आपले सहायक माणिकभाऊ दौऱ्याच्या तयारीस आले. मी वर्धेला गेलो होतो. पाने पाहून त्यांनी ठिबकचा कॉक उघडला. माझी आई आनंदाबाई हिने हरकत घेतली, ती अशी : "काऊन उठवून राह्यला बापा त्यायले? आत्ताच तं निजले!" त्यावर माणिकभाऊंचा खुलासा : "मावशी, साहेबाले फोटोत हिरवं पाह्यजे. हे तं मेल्यावानी दिसून राह्यलं." "तू निजल्यावर कसा दिसतं, पाह्यलं काय कधी?" असे विचारून आईने कॉक बंद केला. तोवर अर्धी बाग भिजली होती.

त्या अर्ध्या बागेत आता कोवळी पालवी आली आहे. फुलाचा पत्ता नाही. तिथला बहार गेला. आपल्या कार्यालयात मात्र तिचा फोटो 'प्रगती समाधानकारक' या शेऱ्यासह लागला आहे.

उरलेली अर्धी बाग अद्याप झोपेत आहे आणि आमचे सगळे वर्ष आता तिच्यावर आहे. तरी शुक्रवारचा दौरा पुढे ढकलावा, ही विनंती. ते जमत नसल्यास पाहुण्यांना भिजलेल्या बाजूने आणावे व कॉकला कोणी हात लावू नये. आई तिथे खाट टाकून बसली आहे. तिला पत्र दाखवून उपयोग होणार नाही.

फेब्रुवारीत अवश्य यावे. फुले आली असली तर फाटकापासूनच वास येईल. नसली आली, तर बाग आपल्याला हवी तशी हिरवीगार सापडेल.

आपला नम्र, व सध्या झाडांच्या वतीने जागा,
चंदन वासुदेवराव ढोले
दि. ५ जानेवारी २०२६

सोबत : मलूल डहाळी, एक. कृपया पाण्यात ठेवू नये.